मधल्या टेबलावरून

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
आमचा टॉवेलचा कारखाना.
चौसष्ट माग, दोन पंखे
आणि सात महिन्यांचा एक अबोला.

एका टोकाला नरसय्या येमुल, जॉबर.
आवाज ऐकून सांगतो, कुठल्या मागाचा बोल्ट सैल आहे.
दुसऱ्या टोकाला मल्लिनाथ बिराजदार, हजेरी-पगार.
दोन मिनिटांच्या उशिराला लाल शाईचा गोल.
मधे माझं टेबल. तपासणी, घडी
आणि निरोप.

भांडणाच्या दोन गोष्टी सांगतात.
एकीत बोनसमधून अर्धा दिवस कापला,
नरसय्याची आई सिव्हिलला होती त्या दिवसाचा.
दुसरीत ऑक्टोबरच्या झळांत
बिराजदाराच्या टेबलावरचा पंखा कुणीतरी वळवला.
दोन्ही खऱ्या आहेत.
मी दोन्ही दिवशी कामावर होते.

मालक पुण्यात. फोनवर म्हणतात,
"अक्का, तुम्ही सांभाळून घ्या."
पगारपत्रकात या कामाचा रकाना नाही.

नरसय्या म्हणतो, "सांग त्या पेनवाल्याला,
दोन कांडीवाल्या कमी पडतात,
खुर्चीला चिकटलास का म्हणावं."
मी सहा पावलं चालते.
सहा पावलांत वाक्य धुते, वाळवते, घडी घालते.
"येमुलमामा म्हणतात, दोन बायका मिळाल्या तर बरं होईल."
बिराजदार मान वर न करता कन्नडमधून काही पुटपुटतो.
परत सहा पावलं.
"बघतो म्हणाले."
कुणी बघत नाही.

जेवणाच्या सुट्टीत दोन गोल पडले.
शेंगाची चटणी या गोलातून त्या गोलात जाईना.
रेहाना नदाफ नवी लागली, अठराची पोर.
पाण्याचा माठ कुठे, हे विचारायच्या आधी विचारते,
"अक्का, आपण कुणाच्या?"

मग ती वसंत विहारची ऑर्डर.
बाराशे टॉवेल, काठावर हॉटेलचं नाव.
टिंब राहिलं.
बाराशे वेळा 'वसत विहार'.
नरसय्याला दुसऱ्याच टॉवेलला दिसलं होतं.
बिराजदाराच्या खणात मंजूर नमुना होता, टिंबासकट.
दोघं निरोपाची वाट बघत बसले
आणि मी त्या दिवशी भाचीच्या बारशाला, कुंभारीला.

माझ्या टेबलावर छातीइतका ढीग.
घड्या घालता घालता कळलं,
या भांडणाला सात महिने मीच तेलपाणी करत होते.

सोमवारी घडी घातली नाही.
जसं आलं तसं पोचवलं.
"खुर्चीला चिकटलास का, विचारतोय."
पेन थांबलं.
उत्तर आलं, तेही अख्खं नेलं, शिवीसकट.
चौसष्ट माग चालू, ओरडूनच सांगावं लागतं,
आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.
"तुझी आई आजारी नव्हतीच, म्हणतोय!"
एवढंच वाक्य शेडभर उरलं,
माझ्या आवाजात.

नरसय्या स्वतः चालत गेला.
मला वाटलं, आता हात उचलतो.
त्यानं खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून केसपेपर काढला,
घड्यांवर फाटलेला, घामानं मऊ,
आणि टेबलावर ठेवला.
बिराजदारानं तारीख वाचली. परत वाचली.
"हे तेव्हाच द्यायचं की बे."
"मागितलास का बे?"
मग दोघं माझ्याकडे वळले.
"आणि अक्का, असं बोलतात का चारचौघांत?"
सात महिन्यांत पहिल्यांदा
त्यांचं कशावर तरी एकमत झालं.

लाईट आली. पंखा अजून तिकडेच तोंड करून आहे.
अर्ध्या दिवसाचं काय, मी विचारलेलं नाही,
विचारणारही नाही.
कधीतरी माझ्या डोक्यावरून एक "बे" जातो
या टोकाकडून त्या टोकाला,
मी मान खाली घालून किनार तपासते.

टॉवेल किलोवर गेले, मंगळवार बाजारात.
एक मी ठेवून घेतला.
रेहानानं टिंबाच्या जागी
लाल दोऱ्याची गाठ मारून दिलीय.
तोंड पुसताना ती गालाला टोचते.